प्रश्न तुमचे: खाणीच्या काठावरची निरीक्षण विहीर

वणी, भद्रावती, वरोरा, राजुरा आणि उमरेड भागांतून कोळसा खाणींजवळच्या पाण्याबद्दल बरीच पत्रं आली. एकाच अर्थाची पत्रं जोडून घेतली आहेत आणि नावं वगळली आहेत.

प्रश्न: आमच्या वावरापासून खुली खाण दीड किलोमीटरवर आहे. धुऱ्याजवळ खाणीवाल्यांनी एक पाइप रोवला आहे, वर टोपण आणि कुलूप. महिन्यातून एकदा माणूस येतो, टेप सोडतो, लिहून नेतो. त्यातून पाणी तर कोणी काढत नाही, मग तो कशाला? माझी विहीर १२ मीटर खोल आहे, तीच का मोजत नाहीत? — कास्तकार, वणी तालुका

उत्तर: तो पायझोमीटर आहे, म्हणजे फक्त पाणी मोजण्यासाठी घेतलेला बोअर. त्यातून पाणी काढत नाहीत म्हणूनच तो कामाचा. तुमच्या विहिरीवर मोटर चालते, त्यामुळे सकाळी एक पातळी आणि दुपारी दुसरी.

पण खरा फरक थरांचा आहे. वर्धा खोऱ्यात वर काळी माती, खाली कुठे गाळ, कुठे दख्खनचा काळा पाषाण, त्याखाली कामठी थराचा वालुकाश्म आणि त्याच्याही खाली बराकर थर, ज्यात कोळसा आहे. मध्ये मध्ये शेल (मातीचा पापुद्र्यांचा खडक) आणि चिकणमातीचे पापुद्रे असतात. ते पाणी सहजासहजी खाली जाऊ देत नाहीत. तुमची १२ मीटरची विहीर वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरातलं पाणी घेते. खाण उपसते ते मुख्यतः कोळशाच्या वरच्या आणि खालच्या वालुकाश्मातलं. दोन वेगळे हंडे समजा, मध्ये झाकण. झाकण कुठे पक्कं, कुठे फुटकं. खालचा हंडा २० मीटर उतरला तरी वरचा वर्षभर जागचा हलणार नाही असं होऊ शकतं. आणि भेगेतून दोन्ही जोडलेले असतील तर वरचाही त्यामागे उतरतो.

म्हणून धुऱ्यावरच्या पाइपबद्दल पहिला प्रश्न ‘किती खोल?’ हा नाही. ‘जाळी, म्हणजे पाणी आत येण्यासाठी चिरा पाडलेला भाग, कुठे आहे?’ हा आहे. पाइप ७० मीटरचा असेल आणि फक्त ६० ते ६६ मीटरमध्ये चिरा पाडलेल्या असतील, तर तो त्या सहा मीटरच्या थरातला दाब सांगतो. वरच्या ५० मीटरमध्ये काय चाललंय ते त्याला कळत नाही. उलट पाइपला वरपासून खालपर्यंत चिरा असतील, तर सगळे थर त्यात एकत्र होतात आणि जो आकडा येतो तो कोणत्याच थराचा नसतो. असा पाइप तर वरचं पाणी खालच्या थरात उतरवण्याची पायवाटच होतो. बोअर घेताना कोणता खडक किती खोलीवर लागला याची नोंद आणि जाळीची खोली, हे दोन कागद मागा. ते नसतील तर बाकीचे दहा वर्षांचे आकडे वाचण्यात फार अर्थ नाही.

नीट बांधलेल्या पाइपची रचना अशी असते. २०० मिलिमीटरचा बोअर, त्यात सुमारे ११० मिलिमीटरचा पीव्हीसी केसिंग पाइप, तळाला बंद टोपी, हव्या त्या थरासमोर चिरांचा पाइप. त्याच्याभोवती २ ते ४ मिलिमीटरची धुतलेली गोल खडी, जाळीच्या वर मीटरभर जास्त. खडीवर किमान अर्धा ते एक मीटर बेंटोनाइटच्या (फुगणाऱ्या चिकणमातीच्या) गोळ्या. पाण्यात फुगून त्या वरचा थर आणि खालचा थर वेगळे करतात. त्यांना फुगायला वेळ द्यावा लागतो, घाई केली तर वरून ओतलेलं सिमेंट खडीत उतरून जाळीच बुजवतं. त्यावर जमिनीपर्यंत सिमेंटचा लगदा.

खडी कमी पडली की नाही हे हिशोबाने कळतं. २०० चा बोअर आणि ११० चा पाइप यांच्यामधल्या फटीत दर मीटरला साधारण २२ लिटर खडी मावते. आठ मीटरला १७५ लिटर लागायला हवी, आणि ७० लिटरमध्येच ‘भरली’ असं ठेकेदार म्हणाला, तर ती मध्येच अडकली आहे आणि खाली पोकळी आहे. ही पोकळी पुढे ढासळते, पाइपात वाळू येते, बेंटोनाइट खाली सरकतं. हे नंतर दुरुस्त होत नाही.

शेवटी कॉम्प्रेसरची हवा सोडून पाणी स्वच्छ येईपर्यंत पाइप धुवायचा. हे काम सर्रास अर्ध्यावर सोडलं जातं.

प्रश्न: खाणीच्या अहवालात गावाजवळच्या पाइपची पाणीपातळी ८.४० मीटर दिली आहे. आम्ही त्याच दिवशी, खाणीच्या माणसासमोर, टेप सोडून मोजली तर ९ मीटर भरली. अहवाल खोटा समजायचा का? — ग्रामपंचायत सदस्य, भद्रावती तालुका

उत्तर: आधी पाइपचं तोंड जमिनीपासून किती वर आहे ते मोजा. बहुतेक ६० सेंटिमीटर भरेल. तुम्ही पाइपच्या तोंडापासून मोजलं, अहवाल जमिनीपासून देतो. ९.०० वजा ०.६० म्हणजे ८.४०. दोघेही बरोबर.

अशा वादांतले निम्मे वाद मापबिंदूचे असतात. पाइपच्या तोंडावर एका जागी खाच किंवा रंगाची खूण हवी आणि दरवेळी तिथूनच मोजायचं. पाइप वाकडा कापलेला असेल तर दोन बाजूंत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. कोणी चौथरा नव्याने बांधला, पाइप वाढवला, तर त्या दिवसापासून नवी उंची लिहून ठेवावी लागते. नाहीतर कागदावर पाणी एका रात्रीत ४० सेंटिमीटर ‘उतरतं’.

मोजण्याची जुनी आणि भरवशाची रीत म्हणजे पोलादी टेप आणि खडू. टेपच्या शेवटच्या दोन मीटरला खडू फासा, खाली वजन लावा, पाण्यात मीटरभर जाईल इतका टेप सोडा आणि मापबिंदूवर पूर्ण आकडा धरा. समजा १० मीटर. वर काढल्यावर खडू १ मीटरपर्यंत ओला झालेला दिसला, तर पाणी ९ मीटरवर. दोनदा मोजा. दोन्ही मापं एका सेंटिमीटरच्या आत आली पाहिजेत. आली नाहीत तर पाणी हलतंय, म्हणजे जवळ कुठेतरी मोटर चालू आहे. तसं वहीत लिहा. कपड्याच्या टेपने किंवा दोरीने मोजू नका, ती ओली झाली की ताणते.

आता याहून कामाची गोष्ट. जमिनीपासूनची खोली दोन पाइपांमध्ये तुलनेला चालत नाही, कारण जमीनच सपाट नाही. त्यासाठी समुद्रसपाटीपासूनची उंची लागते. पाइपच्या तोंडाची उंची २३१.१० मीटर असेल आणि पाणी तोंडापासून ९.०० वर असेल, तर पाण्याची उंची २२२.१०. असे एका ओळीत नसलेले आणि एकाच थरात जाळी असलेले तीन पाइप मिळाले की पाणी कुठे वाहतं ते शाळेतल्या मुलालाही काढता येतं. समजा अ मध्ये २२२.१०, ब मध्ये २१९.४० आणि क मध्ये २२१.००. अ पासून ब ६०० मीटरवर आहे. त्या रेघेवर २२१.०० ही उंची कुठे येईल? एकूण उतार २.७०, त्यातला १.१० उतरल्यावर, म्हणजे अ पासून साधारण २४५ मीटरवर. तो बिंदू आणि क जोडा. ही समान पातळीची रेघ. तिला काटकोनात, ब च्या बाजूला, पाणी वाहतं. बाणाचं टोक खाणीच्या खड्ड्याकडे गेलं तर अर्थ सांगायला नको. नदीकडे गेलं तर अजून नैसर्गिक उतार टिकून आहे.

ग्रामपंचायतीने पाइपच्या तोंडांच्या उंचीची यादी मागावी. खाणीच्या सर्वेक्षण विभागाकडे ती असते.

प्रश्न: मी निरीक्षण विहिरींची नोंद घेण्याच्या कामावर आहे. पाइपात टांगलेला स्वयंचलित मापक आणि हाताने घेतलेलं माप यांत पावसाळ्यात ३० सेंटिमीटरचा फरक येतो. एका पाइपात तर मापकाने दोन महिने सरळ रेघ दिली. मापक बदलायचा का? — राजुरा तालुका

उत्तर: लगेच नको. मापक पाण्याचा दाब मोजतो. त्याच्या केबलमध्ये हवेची बारीक नळी नसेल तर तो पाण्याचा अधिक हवेचा असा एकत्र दाब देतो आणि हवेचा दाब वेगळ्या यंत्राने मोजून वजा करावा लागतो. एक हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजण्याचं एकक) म्हणजे जवळपास एक सेंटिमीटर पाणी. पावसाळ्यात हवेचा दाब उतरतो, त्यामुळे हिवाळ्यात जुळवलेलं गणित दहा-पंधरा सेंटिमीटरने चुकू शकतं. हवेचा दाब मोजणारं यंत्र दूरच्या कार्यालयात आणि वेगळ्या उंचीवर ठेवलं असेल तर त्याची भर वेगळी: १०० मीटर उंचीला साधारण ११ हेक्टोपास्कल. ते यंत्र खाणीच्याच परिसरात, सावलीत, एखाद्या पाइपच्या टोपणाखाली टांगा.

तरी ३० पूर्ण होत नाहीत. उरलेल्यासाठी केबलची गाठ तपासा. साफसफाईला मापक वर काढला आणि परत सोडताना केबल बोटभर वेगळ्या जागी अडकवली, की तेवढा फरक कायमचा बसतो. काढण्याआधी एक हाताचं माप, सोडल्यानंतर एक, हा नियम ठेवला तर चूक कधी शिरली ते तरी कळतं. केबलला नळी असेल तर तिच्या तोंडाशी ओल शोषणारी पुडी असते. विदर्भातल्या जुलैत ती लवकर संपते, नळीत थेंब अडकतो आणि आकडे भरकटतात.

सरळ रेघ हा दुसरा मामला आहे. जमिनीखालचं पाणी दोन महिने तंतोतंत एका पातळीवर राहत नाही, हवेच्या दाबानेही ते थोडं हलतं. रेघ सरळ म्हणजे बहुधा पाणी मापकाच्या खाली गेलं आणि तो कोरडा लटकतोय. खाण पुढे सरकताना हे हमखास होतं. हाताने मोजून पाहा. मापक खाली सोडताना त्याच्या पल्ल्याकडे लक्ष द्या: २० मीटरचा मापक ३० मीटर पाण्याखाली टाकला तर तो बिघडू शकतो.

डिप मीटर (टोकाला पाणी लागलं की वाजणारा टेप) पाण्याच्या आधीच वाजतो अशी तक्रारही पत्रात आहे. पाइपच्या आतल्या भिंतीवर घाम धरतो आणि टोक तिथे टेकतं. टोक पुसा, पाइपच्या मधोमध सोडा, संवेदनशीलता कमी करा. खरं पाणी लागल्यावर वर-खाली केलं तरी आवाज त्याच आकड्यावर येतो.

प्रश्न: गावातल्या पाच विहिरी मार्चमध्येच आटतात. खाणवाले म्हणतात पाऊस कमी. आम्ही म्हणतो खाण. ठरवायचं कसं? — वणी व भद्रावती तालुक्यांतून तीन पत्रं

उत्तर: एका विहिरीच्या एका वर्षाच्या आकड्यावरून ठरत नाही, आणि दोन्ही बाजू नेमकं तेच करतात.

तीन गोष्टी शेजारी ठेवाव्या लागतात: खाणीजवळची विहीर, खाणीच्या प्रभावाबाहेरची पण त्याच खडकातली विहीर, आणि पावसाची नोंद. दूरची विहीर पाच-सहा किलोमीटरवरची आणि शक्यतो नदीच्या पलीकडची घ्या. दोघींच्या मे महिन्यातल्या पातळ्यांमधला फरक दरवर्षी काढा. दुष्काळात दोन्ही उतरतात, फरक जवळपास तोच राहतो. खाणीची ओढ असेल तर फरक वाढत जातो. दुसरी खूण ऑक्टोबरची. चांगल्या पावसाच्या वर्षीही जवळची विहीर पूर्वीच्या उंचीवर परत येत नसेल, तर पावसाला दोष देता येत नाही. जुने आकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे मिळू शकतात. तिच्या निरीक्षण विहिरी साधारणपणे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा मोजल्या जातात. खाण सुरू होण्याआधीचे आकडे तिथे निघाले तर सोन्याहून मोलाचे.

गावातल्या बोअरची संख्या मात्र प्रामाणिकपणे मोजा. गहू, हरभरा, संत्रा यांच्यासाठी दहा वर्षांत बोअर दुप्पट झाले असतील तर तोही उपसाच आहे.

अहवालांत खाणीचं ‘प्रभावक्षेत्र’, म्हणजे उपशाचा परिणाम किती दूर पोचतो ते अंतर, एका सूत्राने काढलेलं असतं: ३००० गुणिले पातळीतली घट (मीटर) गुणिले पारगम्यतेचं (खडकातून पाणी किती सहज झिरपतं, मीटर प्रति सेकंद) वर्गमूळ. घट ४० मीटर आणि पारगम्यता एक लाखांश धरली तर उत्तर ३८० मीटर. पारगम्यता दहापट कमी धरली तर १२० मीटर, दहापट जास्त धरली तर १२०० मीटर. म्हणजे सगळा खेळ त्या एका आकड्यावर, आणि तो बोअरच्या चाचणीतून आला की पुस्तकातून उचलला हे विचारलंच पाहिजे. शिवाय या सूत्रात काळ नाही. पाच वर्षं उपसा आणि पंचवीस वर्षं उपसा, उत्तर तेच. आणि ते उघड्या, वरच्या थरासाठीचं आहे. झाकणाखालच्या वालुकाश्मात पाणी दाबाखाली असतं. तिथे खडकाची छिद्रं रिकामी होत नाहीत, फक्त दाब उतरतो, म्हणून तेवढ्याच उपशाने परिणाम कितीतरी दूर पोचतो. दीड किलोमीटरवरच्या पाइपातली पातळी उतरली तर त्यात मग आश्चर्य नाही. फक्त सूत्र लावून ‘३८० मीटरपलीकडे परिणाम नाही’ लिहिलं असेल तर मान डोलावू नका.

कागद कुठून मिळतील? पर्यावरण मंजुरी घेतलेल्या खाणीला अटींच्या पूर्ततेचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो. हे २००६ च्या अधिसूचनेत आहे आणि तो अहवाल सार्वजनिक आहे. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खाणीतून उपसल्या जाणाऱ्या भूजलासाठी ना-हरकत लागते आणि निरीक्षण विहिरींची दरमहा मोजणी अपेक्षित आहे. नाही मिळालं तर माहितीचा अधिकार आहेच.

दरम्यान आपली वही सुरू करा. १ आणि १५ तारखेला, सकाळी मोटर सुरू करण्याआधी, एकाच खुणेपासून. आदल्या रात्री मोटर चालली असेल तर तीही नोंद.

प्रश्न: नाल्याला तांबूस साय येते. पाइपातलं पाणी तपासायला पाठवायचं आहे. वरून बाटली सोडून भरली तर चालेल का? — शिक्षक, उमरेड तालुका

उत्तर: चालणार नाही. पाइपात महिनोन्‌महिने उभं असलेलं पाणी थरातल्या पाण्यासारखं राहत नाही. आधी पाइपातल्या पाण्याच्या तिप्पट पाणी काढून टाकायचं. आतून १०० मिलिमीटरच्या पाइपात दर मीटरला ७.८५ लिटर पाणी असतं. पाण्याचा स्तंभ २० मीटर असेल तर १५७ लिटर, तिप्पट म्हणजे ४७० लिटर. लहान पंपाने, हळू. काढताना दर पाच मिनिटांनी पीएच (आम्लता), विद्युतवाहकता (क्षारांचा अंदाज) आणि तापमान पाहा. लागोपाठ तीन वेळा ते स्थिर राहिले की नमुना घ्या. थर कंजूष असेल आणि पाइप कोरडा पडला, तर दुसऱ्या दिवशी जे भरलं असेल ते घ्या.

बाटल्या किमान दोन. धातूंसाठीचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून त्यात नायट्रिक आम्ल, पीएच २ च्या खाली जाईपर्यंत. ही बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या, आम्ल हाताळण्याचा खटाटोप स्वतः करू नका. दुसरी साधी, आम्लाशिवाय, काठोकाठ भरून. फ्लोराइड तपासायचं तर प्लास्टिकचीच, काचेची नको. दोन्ही बर्फात. पीएच मात्र जागेवरच मोजा, कारण गाडीत तो बदलतो.

तांबूस साय बहुधा लोहाची. कोळशासोबतच्या पायराइटला (लोह आणि गंधकाचं खनिज) हवा आणि पाणी लागलं की गंधकाम्ल आणि लोह सुटतं. म्हणून फक्त पीएच पाहून समाधान मानू नका. चुना टाकला की पीएच ठीक दिसतो, लोह खाली बसतं, पण सल्फेट बरंचसं पाण्यातच राहतं. खाणीच्या पाण्याचा माग काढायला सल्फेट हाच चांगला साक्षीदार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) त्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर ४००. गावात आधी ३० होतं आणि आता १८० आहे, तर मर्यादेत असूनही ती बातमी आहे.

फ्लोराइडचं उलट. ते लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर निघालं म्हणून खाणीवर बोट ठेवण्याआधी थांबा. चंद्रपूर आणि यवतमाळच्या काही भागांत खडकातूनच फ्लोराइड येतं, खाण असो वा नसो. पिण्यासाठी ते पाणी तरीही वापरायचं नाही.

प्रश्न: त्या पाइपात लहान मोटर टाकून कापसाला पाणी देता येईल का? — वरोरा तालुका

उत्तर: नाही. जाळी त्या उपशासाठी नसते, वाळू येऊन मोटर जाईल. आणि नोंद बिघडेल, जी उद्या तुमच्याच बाजूने बोलणार आहे.

प्रश्न: गावाकडचा जुना पाइप डंपरने मोडला. शेजारीच नवा घेतला आणि अहवालात तीच रेघ पुढे ओढली आहे. हे योग्य आहे का? — राजुरा तालुका

उत्तर: नव्या पाइपची जाळी त्याच थरात असेल, तोंडाची उंची नव्याने मोजली असेल आणि आलेखावर बदलाची तारीख ठळक दाखवली असेल तर चालेल. जुना पाइप वाकलेला असला तरी टेप जात असेल तर काही महिने दोन्ही मोजून फरक पाहावा.

नवा पाइप जिवंत आहे की बुजलेला, हे कळायला सोपी चाचणी आहे. पातळी मोजा, २० लिटर स्वच्छ पाणी एकदम ओता. १०० मिलिमीटरच्या पाइपात ते अडीच मीटर चढतं. मग १, २, ५, १०, ३० मिनिटांनी मोजा. वालुकाश्मात पाणी लवकर मूळ जागी येतं. दुसऱ्या दिवशीही चढलेलंच राहिलं तर जाळी बुजली आहे आणि तो पाइप थराची नाही, स्वतःच्या पोटातल्या पाण्याची पातळी सांगतोय. नमुना घ्यायच्या आधी ही चाचणी करू नका.

मोडलेला पाइप तसाच सोडू नये. तळापर्यंत बारीक नळी सोडून खालून वर सिमेंटचा लगदा भरायचा असतो. वरून ओतलं तर मध्ये अडकतं. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, चौथरा तडकतो, आणि पहिल्या पावसाचं नाल्यातलं पाणी अशाच उघड्या पाइपातून थेट ६० मीटर खाली उतरतं. कुठला जुना पाइप बुजवलेला नाही याची यादी पावसाळ्याआधी ग्रामपंचायतीने करून खाण व्यवस्थापनाला लेखी द्यावी, पोच घ्यावी.